सुएझ कालवा आणि पोर्ट सैद: लॉक का नाहीत, बंधारा इतका लांब का, आणि जहाज प्रत्यक्षात जातं कसं?

होकायंत्र

सुएझवर बरंच वाचून झालं, पण बहुतेक लेखांची गाडी कालवा बांधणारा लेसेप्स, उद्घाटनाचं १८६९, राष्ट्रीयीकरण करणारा नासर आणि २०२१ मध्ये कालव्यात अडकलेलं एव्हर गिव्हन या चार स्टेशनांवरच थांबते. मला काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी जमेल तेवढं सांगावं.

पनामाला लॉक (पाणी भरून-सोडून जहाज चढवणारी-उतरवणारी दरवाजांची टाकी) आहेत, जर्मनीच्या कील कालव्यालाही दोन्ही टोकांना आहेत. मग भूमध्य आणि तांबडा समुद्र थेट जोडूनही सुएझला एकही लॉक कसा नाही? पोर्ट सैद नेमकं तिथेच का बांधलं? नकाशावर पाहिलं तर पेलुसियमच्या आखातात उतरणं जास्त सरळ वाटतं. बंदराच्या तोंडाशी पश्चिमेचा बंधारा पूर्वेच्या बंधाऱ्यापेक्षा इतका लांब का? जहाज पोर्ट सैदला पोचल्यापासून सुएझला बाहेर पडेपर्यंत क्रमाने काय होतं? आणि शेवटचं म्हणजे, ४०० मीटरचं जहाज सरळ कालव्यात आडवं होतं कसं? नुसता वारा हे कारण पटत नाही.

जुनी बखर

पहिल्या तीन प्रश्नांपुरतं लिहितो.

लॉकची भीती सगळ्यांनाच होती. नेपोलियनबरोबर आलेल्या ल पेर या अभियंत्याने १७९९ मध्ये मोजणी केली आणि तांबडा समुद्र भूमध्यापेक्षा जवळपास १० मीटर उंच असल्याचा निष्कर्ष काढला. युद्धाच्या धामधुमीत तुकड्यातुकड्यांनी केलेली ती मोजणी होती, चूक साचत गेली. १८४७ मध्ये बूर्दालूच्या पथकाने नीट लेव्हलिंग केलं तेव्हा दोन्ही समुद्रांची सरासरी पातळी जवळजवळ सारखीच निघाली. लॉकची गरज तिथेच संपली. पनामाला लॉक लागतात ते दोन समुद्रांच्या पातळीतल्या फरकामुळे नाही, मधला डोंगर चढून उतरायचा असतो म्हणून. सुएझच्या संयोगभूमीत तसा डोंगर नाही. वाळू, चिखल, मध्ये एल गिसर आणि सेरापियमचे उंचवटे, आणि तिम्साह व कटु सरोवरांचे आयते खोलगट भाग. कटु सरोवरं तेव्हा कोरडी पडली होती, तळाला मिठाचा जाड थर होता. कालव्याचं पाणी सोडून ती १८६९ मध्ये भरली.

आता बंदर. पेलुसियमच्या आखातात किनारा फार उथळ आहे, ८ मीटर खोली गाठायला समुद्रात लांबवर जावं लागलं असतं. म्हणजे तेवढ्याच लांबीचे बंधारे आले. १८५५-५६ च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने म्हणून तोंड पश्चिमेला सरकवलं, जिथे खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ होतं. त्या जागी एका बाजूला भूमध्य, दुसऱ्या बाजूला मंझाला सरोवर आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी, बस. २५ एप्रिल १८५९ ला काम सुरू झालं तेव्हा प्यायला पाणीही नव्हतं. पुढे नाईलचं गोडं पाणी वेगळ्या कालव्याने इस्माइलियापर्यंत (मार्गाच्या मध्यावरचं शहर) आणि तिथून नळाने पोर्ट सैदला आणलं. मंझालातला पहिला चर तिथल्या कोळ्यांनी हातांनी काढला. चिखलाचा गोळा उचलायचा, छातीशी दाबून पाणी निथळवायचं आणि काठावर रचायचा. उन्हाने वाळला की त्यावर पुढचा थर. फावड्याने तो चिखल धरताच येत नव्हता. वेठबिगार बंद झाल्यावर, म्हणजे १८६४ नंतर, बोरेल-लावाले कंपनीच्या वाफेच्या ड्रेजरांनी (गाळ उपसणाऱ्या यंत्रांनी) बहुतेक खोदाई केली. काही ड्रेजरांना ७० मीटर लांबीची पन्हळ होती. त्यातून गाळ पाण्यासकट वाहत थेट काठापलीकडे पडायचा, मध्ये तराफे लागत नसत.

बंधाऱ्याचं कारण नाईल. मिसरच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि त्रिभुज प्रदेशातली वाळू-गाळ सोबत आणतो. आडवा बंधारा नसता तर कालव्याचं तोंड दर हंगामात बुजलं असतं. म्हणून पश्चिमेचा हात लांब: सुरुवातीलाच सुमारे अडीच किलोमीटर, नंतर वाढवत नेला. पूर्वेच्या हाताचं काम मुख्यतः लाटा अडवण्याचं, त्याला तेवढी लांबी लागत नाही. दगड जवळपास मिळत नव्हता, म्हणून फ्रान्सहून आणलेला चुना आणि तिथलीच वाळू मिसळून ठोकळे ओतले, प्रत्येकी सुमारे १० घनमीटर आणि वजनाने २० टनांच्या वर. बंधाऱ्याने अडवलेली वाळू पश्चिमेला साचत गेली आणि किनारा समुद्राकडे सरकला. १८६९ चं ५६ मीटर उंच काँक्रीटचं दीपगृह किनाऱ्यावर उभं केलेलं, ते आज इमारतींच्या गर्दीत सापडतं. आस्वानच्या मोठ्या धरणानंतर नाईलचा ताजा गाळ आटला, तरी त्रिभुज प्रदेशाची झीज होऊन येणारी वाळू आहेच. तोंडाशी ड्रेजिंग कायम चालू असतं.

भरतीओहोटी

वरच्या प्रतिसादात थोडी भर. सरासरी पातळी सारखी असली तरी भरती-ओहोटी सारखी नाही. पोर्ट सैदला फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आतला, सुएझला उधाणाला दीड मीटरच्या वर जातो. मग तो लोंढा कालव्यातून उत्तरेकडे का धावत नाही? कारण मध्ये कटु सरोवरं आहेत. एवढ्या पसरट पाण्यात भरतीची लाट जिरते. परिणाम असा की सरोवरांच्या दक्षिणेला भरतीबरोबर दिशा बदलणारा प्रवाह मिळतो, उधाणाला दीड-दोन नॉटपर्यंत. उत्तरेला तो मंद आणि ऋतूवर चालणारा: हिवाळ्यात उत्तरेकडे, उन्हाळ्यात दक्षिणेकडे. जहाज चालवणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे कालवे आहेत म्हटलं तरी चालेल.

तांडेल

प्रवासाचा क्रम सांगतो. दक्षिणेकडे जाणारं जहाज धरू.

आधी लांबीचा हिशोब, कारण त्यात नेहमी गोंधळ होतो. कालव्याची लांबी १९३.३ किमी लिहितात, तर काही ठिकाणी १६२ दिसते. दोन्ही बरोबर. पोर्ट सैद ते पोर्ट तौफीक (सुएझजवळचं दक्षिण टोक) १६२ किमी, त्यात उत्तरेकडचा समुद्रातला प्रवेशमार्ग २२ आणि दक्षिणेकडचा ९ मिळवा. कालव्यातले किलोमीटर पोर्ट सैदपासून दक्षिणेकडे मोजतात.

जहाज पोचण्याच्या काही दिवस आधीच एजंटमार्फत नोंदणी होते आणि टोल भरला जातो. टोल साध्या टनेजवर नसतो. सुएझचं स्वतःचं नेट टनेज (माल-प्रवाशांसाठी वापरता येणाऱ्या जागेचं माप) असतं, त्याचे नियम १८७३ च्या कॉन्स्टँटिनोपल आयोगापासूनचे, आणि त्याचं वेगळं प्रमाणपत्र जहाजावर लागतं. दर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशोबाच्या एककात ठरतात. डेकवर कंटेनरचे थर जास्त असतील तर अधिभार. जहाज पहिल्यांदाच जात असेल तर कालवा प्राधिकरणाचे लोक येऊन मोजमाप तपासतात, नकाशे मागतात. ते हाताशी नसतील तर तिथेच वेळ जातो.

पोर्ट सैदच्या बाहेर नांगर टाकायच्या जागा ठरलेल्या आहेत, जास्त ड्राफ्टची (पाण्यात जास्त खोल बुडणारी) जहाजं उत्तरेच्या भागात, बाकीची दक्षिणेच्या. ठरलेल्या वेळेच्या आत पोचलात तरच पहाटेच्या ताफ्यात (एकामागोमाग सोडल्या जाणाऱ्या जहाजांच्या रांगेत) नंबर. उशीर झाला की जादा आकार किंवा दुसऱ्या दिवसाची वाट. ताफ्यातला क्रम प्राधिकरण ठरवतं, आधी आलेला आधी जाईलच असं नाही. ड्राफ्ट, मालाचा धोका, वेग हे सगळं पाहिलं जातं.

पायलट (कालव्याची वाट जाणणारे वाटाडे) चार. एक बाहेरून बंदरात आणतो, दुसरा इस्माइलियापर्यंत, तिथे चालत्या जहाजावर बदली, तिसरा सुएझपर्यंत, चौथा बाहेर सोडतो. पायलट सल्ला देतो, जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. हे नियमांत स्पष्ट आहे आणि अपघातानंतर सगळं प्रकरण याच वाक्यापाशी येऊन थांबतं. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले तेव्हा वाहतूक कोलमडणार असं युरोपात सगळे धरून चालले होते. मिसरी आणि राहिलेल्या ग्रीक पायलटांनी ती चालू ठेवली.

वेग ताशी १४ किमीच्या आसपास, काही जहाजांना थोडा जास्त, म्हणजे साधारण साडेसात ते साडेआठ नॉट. दोन जहाजांत दोन-तीन मैलांचं अंतर. एकूण ११ ते १६ तास. ६० ते ९५ किमीच्या पट्ट्यात ऑगस्ट २०१५ पासून दुहेरी मार्ग आहे. उत्तरेकडे जाणारी जहाजं पूर्वेच्या नव्या फाट्याने, दक्षिणेकडची जुन्या पश्चिमेच्या फाट्याने, थोडक्यात प्रत्येकाने आपल्या उजवीकडून. त्याआधी दक्षिणेच्या ताफ्याला बल्लाहच्या फाट्यात किंवा कटु सरोवरात नांगर टाकून समोरचा ताफा जाईपर्यंत थांबावं लागे.

मर्यादा: ड्राफ्ट ६६ फूट म्हणजे २०.१ मीटर, पण तो ५० मीटर रुंदीपर्यंतच. जहाज रुंद होत जाईल तसा परवानगीचा ड्राफ्ट कमी होतो, कारण महत्त्वाचा असतो तो पाण्याखालचा छेद. पाण्यावरची उंची ६८ मीटर, कंतारा इथल्या पुलामुळे. लांबीवर मात्र थेट मर्यादा नाही.

डेकवाला

तांडेल यांनी डेकची बाजू सोडली, ती भरतो.

सुएझचा दिवा म्हणजे नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) बसवायचा प्रखर झोत. समोर १८०० मीटरपर्यंत दिसलं पाहिजे आणि झोत मधोमध दुभंगता आला पाहिजे. दोन्ही काठ उजळतात आणि मधला पट्टा अंधारा राहतो, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. शिवाय जहाजाभोवती सुमारे २०० मीटर व्यासाचं वर्तुळ उजळणारे दिवे लागतात. आधुनिक जहाजांवर हे कायमचं बसवलेलं असतं. नसेल तर भाड्याने मिळतं आणि सोबत विजेचं काम करणारा माणूसही येतो. या दिव्याचं महत्त्व १८८७ पासूनचं. तोवर फक्त दिवसा वाहतूक होती, अंधार पडला की काठाला बांधून रात्र काढायची. विजेचे झोत आल्यावर प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला.

दोर: किमान सहा, तरंगणारे आणि लवचिक. तरंगणारेच का, तर दोर पाण्यात बुडून प्रोपेलरमध्ये गेला तर कालव्यात दुसरा उपाय उरत नाही. मुरिंगच्या (जहाज काठाला बांधण्याच्या) होड्या आणि त्यांची माणसं पोर्ट सैदलाच क्रेनने वर घेतात. त्यांना बसायला जागा लागते आणि होड्या पटकन खाली सोडता येतील अशा ठेवाव्या लागतात. काठावर १२५ मीटरच्या अंतराने बोलार्ड (दोर बांधायचे खुंट) आहेत. धुकं आलं, पुढचं जहाज थांबलं, इंजिन बंद पडलं, तर या होड्या दोर काठावर नेऊन बांधतात. नाळेचे आणि मागचे दोर आधीच विंचवरून (दोर गुंडाळायच्या यंत्रावरून) काढून डेकवर नागमोडी पसरून ठेवायचे. वेळ आल्यावर ड्रमवरचा गुंता सोडवत बसलात तर उपयोग नाही.

नांगर दोन्ही मोकळे, माणूस विंडलासपाशी (नांगराच्या यंत्रापाशी) उभा. सुकाणूचे दोन्ही पंप चालू. आपत्कालीन सुकाणूच्या खोलीत माणूस आणि ब्रिजशी (जहाज चालवण्याच्या खोलीशी) चालू फोन. ब्रिजवर सुकाणूचा कोन आणि इंजिनचे फेरे दाखवणारी यंत्रं पायलटला उभ्या जागेवरून दिसली पाहिजेत. तपासणीत सर्वात जास्त अडकतं ते याच साध्या गोष्टींवर: दिव्याचा झोत दुभंगत नाही, किंवा दर्शकाच्या मागचा बल्ब गेलेला.

होकायंत्र

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. आता शेवटचा प्रश्न तेवढा राहिला. वेग आठच नॉट असेल तर जहाज हाताबाहेर जातं कसं?

सुकाणू

कारण मोकळ्या समुद्रातलं वागणं कालव्यात चालत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा.

पहिली, स्क्वॉट. जहाज पुढे जाताना पाणी मागे सरकावं लागतं. कालव्यात जागा कमी म्हणून ते वेगाने सरकतं, दाब घटतो आणि जहाज खाली बसतं. बंदिस्त पाण्यासाठी अंदाजाचं सूत्र: ब्लॉक कोएफिशंट (जहाजाचा पाण्याखालचा भाग किती भरदार आहे तो आकडा) गुणिले वेगाचा (नॉटमध्ये) वर्ग, भागिले ५०. उत्तर मीटरमध्ये. टँकरचा कोएफिशंट ०.८ धरा. ८ नॉटला ०.८ × ६४ ÷ ५० म्हणजे सुमारे १ मीटर. १२ नॉटला २.३ मीटर. कालवा २४ मीटर खोल आणि ड्राफ्ट २०.१, म्हणजे थांबलेल्या जहाजाखाली ३.९ मीटर पाणी. ८ नॉटला त्यातलं २.९ उरतं, १२ ला १.६. वेग दीडपट, बसणं सव्वादोनपट. भरदार बांध्याचं जहाज नाळेकडे जास्त बसतं आणि मग सुकाणूला नीट दाद देत नाही.

दुसरी, काठाचा परिणाम, आणि आडवं होण्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. जहाज मध्यरेषेवरून एका काठाकडे सरकलं की नाळेपुढचं पाणी काठ आणि जहाज यांच्यात कोंडून उशीसारखं नाळेला बाहेर लोटतं. त्याच वेळी मागच्या बाजूला काठालगतचं पाणी वेगाने वाहून दाब घटतो आणि जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. दोन्ही बलं एकाच दिशेने फिरवतात: नाळ पलीकडच्या काठाकडे. सुकाणूवाला उलटा कोन देतो, जहाज उशिरा ऐकतं, मध्यरेषा ओलांडतं आणि आता दुसऱ्या काठापाशी हाच खेळ जास्त जोरात. दोन-तीन झोल्यांत काम तमाम. वेग कमी करावा तर प्रोपेलरचं पाणी सुकाणूवर कमी पडतं. वाढवावा तर काठाची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. बरोबर मार्ग म्हणजे आधीच हळू असणं आणि गरजेला क्षणभर इंजिनचा जोर देऊन सुकाणूला पाणी देणं, वेग चढायच्या आत परत खाली.

हे आजचं दुखणं नाही. सुरुवातीला तळाची रुंदी २२ मीटर आणि खोली ८ होती, वळणंही बरीच. १८७० ते १८८४ मध्ये जहाज रुतण्याच्या सुमारे ३,००० घटना झाल्या.

तांडेल

सहमत, पण वाऱ्याला इतकं बाजूला सारू नका. एव्हर गिव्हन ४०० मीटर लांब, ५९ मीटर रुंद, वर कंटेनरची भिंत. २३ मार्च २०२१ ला वारा ४० नॉटच्या आसपास होता असं प्राधिकरणाने सांगितलं. आडव्या वाऱ्यात सरळ जायचं तर नाळ वाऱ्याकडे थोडी वळवून तिरकं चालावं लागतं. कोन फक्त ३ अंश धरा: ४०० मीटरच्या लांबीमुळे २१ मीटर वाढतात, म्हणजे जहाज ५९ ऐवजी ८० मीटर जागा खातं. बोयांमधली (खुणेच्या तरंगत्या पिंपांमधली) वापरायची रुंदी साधारण २००. शिवाय वारा झोतांनी येतो, कोन सतत बदलत राहतो. वाऱ्याशी झगडायला वेग वाढवावासा वाटतो आणि त्या दिवशी वेग १२-१३ नॉटवर गेला होता. मग सुकाणू यांनी सांगितलेलं सगळं सुरू झालं. वारा सुरुवात करून देतो, वेग घात करतो. जागाही वाईट होती, १५१ व्या किलोमीटरपाशी, दक्षिणेचा एकेरी पट्टा. दुहेरी भागात अडकलं असतं तर दुसरा फाटा चालू राहिला असता. नंतर १३२ ते १६२ किमीचा पट्टा ४० मीटरने रुंद करायला घेतला आणि १२२ ते १३२ मध्ये दुहेरी मार्ग, ते उगाच नाही.

गाळवाला

रुतलेलं जहाज काढण्याचा हिशोब कोणी दिला नाही म्हणून.

रुतल्याबरोबर इंजिन पूर्ण मागे टाकायचा मोह होतो. आधी समुद्राचं पाणी घेणारी खालची तोंडं बंद करून वरची उघडायची, नाहीतर वाळू कूलरमध्ये जाते आणि इंजिनही हातचं जातं. मग सगळ्या टाक्यांची मोजणी, कुठे पाणी शिरतंय का. जहाजाभोवती शिशाच्या दोराने खोली. आणि सहा ठिकाणचे ड्राफ्ट वाचायचे: नाळ, मध्य, मागे, दोन्ही बाजू.

जमिनीवर किती वजन टेकलंय ते ड्राफ्टच्या फरकावरून कळतं. समजा एक सेंटीमीटर जास्त बुडायला १०० टन वजन लागतं असं जहाज आहे आणि सरासरी ड्राफ्ट ३० सेंमीने कमी झाला. म्हणजे ३,००० टन वाळूवर. वाळूवर घर्षणाचा गुणांक ०.३ ते ०.४ धरतात, तेव्हा ओढायला ९०० ते १,२०० टनांचा जोर हवा. ७० टन ओढीचा टग (जहाज ओढणारी बोट) म्हटला तर १३ ते १८ टग लागतील, आणि तेवढे टग दोर लावून उभे राहायला कालव्यात जागाच नाही. म्हणून नुसत्या ओढण्याने भागत नाही. बॅलास्ट (तोल सांभाळायला टाक्यांत घेतलेलं पाणी) काढून किंवा हलवून वजन उचलायचं, खालची वाळू काढायची आणि उधाणाची वाट पाहायची. वरच्या उदाहरणात पाणी ३० सेंमी चढलं तर टेकलेलं वजन जवळपास शून्यावर येतं.

एव्हर गिव्हनला तिन्ही करावं लागलं. नाळेचा फुगीर भाग पूर्वेच्या काठात घुसला होता, म्हणजे तिथे वर म्हटल्यापेक्षा वाईट, कारण वाळू बाजूंनीही धरते. मशहूर नावाच्या कटर-सक्शन (कापून शोषून घेणाऱ्या) ड्रेजरने सुमारे ३०,००० घनमीटर वाळू काढली. ड्रेजर जहाजाच्या फार जवळ नेता येत नाही, कटर पत्र्याला लागायचा आणि एकाच बाजूची वाळू काढली तर जहाज कलंडायचं. २८ मार्चला पौर्णिमा होती, उधाण चढलं, जास्त ताकदीचे टग तोवर पोचले होते आणि २९ तारखेला जहाज सुटलं. सुएझकडच्या टोकाला भरती मोठी म्हणून हे जमलं. हीच गोष्ट पोर्ट सैदजवळ झाली असती तर तिथे उधाणाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नव्हता, सगळं काम ड्रेजर आणि बॅलास्टवरच काढावं लागलं असतं.